कमाई आहे, कागद नाही

यंत्रमागाच्या गावात गुरुवार जड जातो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून कारागिरांची आठवड्याची मजुरी गुरुवारी वाटायची असते. कापड व्यापाऱ्याकडे पोहोचलेले असते, पण त्याचे पैसे महिना-दीड महिन्याने यायचे असतात. मधल्या गुरुवारांचे काय करायचे, हा प्रश्न मालेगाव-भिवंडीतल्या छोट्या कारखानदारांपुढे दर आठवड्याला उभा राहतो. ज्याला बँकेने खेळते भांडवल मंजूर केले आहे तो खात्यातून उचल करतो, कापडाचे पैसे आले की भरून टाकतो. ज्याला ते मिळालेले नाही तो सूत देणाऱ्या व्यापाऱ्याकडे हात पसरतो, शेकड्याने पैसे देणाऱ्याचे दार वाजवतो, नाहीतर घरी येऊन बायकोच्या बांगड्या मागतो.

मी अशाच एका गावातल्या उर्दू शाळेत शिकवते. कोणाच्या घरी कर्ज आहे हे मुले सांगत नाहीत, आणि विचारूही नये. पण घरात कोणत्या जातीचे कर्ज आहे हे वर्गात हळूहळू दिसू लागते. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके सरकारकडून फुकट मिळतात. नववीपासून विकत घ्यावी लागतात. काही मुली जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी पुस्तके घेऊन येतात, काही दिवाळीपर्यंत मैत्रिणीच्या पुस्तकात डोकावतात. काही मुलगे दर बुधवारी-गुरुवारी गैरहजर असतात, कारण कारागिराची मजुरी वाचवायला वडिलांनी त्यांनाच मागावर उभे केलेले असते.

दोन घरे सांगते. दोघांचेही बारा-बारा माग, दोघांच्याही मुली आमच्या शाळेत. पहिले गृहस्थ मजुरीवर कापड विणून देतात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, भावही व्यापाऱ्याचा. माग, विजेचे बिल आणि चिंता मात्र यांची. मीटरमागे ठरलेली मजुरी कमी वाटली तरी बोलता येत नाही, कारण अडीअडचणीला उसने पैसेही तोच व्यापारी देतो. व्याज तो सांगत नाही, मजुरीतून वळते करतो. दुसऱ्या गृहस्थांनी दोन वर्षे खेटे घालून बँकेकडून पाच लाखांची मर्यादा मिळवली. ते आता सूत स्वतः विकत घेतात, कापड स्वतः विकतात. बाजार पडला तर आठ-पंधरा दिवस माल घरात ठेवू शकतात. ते श्रीमंत झालेले नाहीत. विजेचे बिल त्यांनाही रडवते, मंदी त्यांनाही गाठते. पण त्यांची मोठी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. पहिल्या घरातली त्याच वयाची मुलगी दहावीनंतर घरी बसली, आणि ती वर्गात हिच्यापेक्षा हुशार होती.

दोन घरांवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, एवढे बी.एड.ला आम्हाला शिकवले होते. म्हणून मोठे आकडे पाहू.

जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक नियम केला: जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा उघडायची असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. हा नियम १९९० पर्यंत टिकला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास केला. बँक नसलेल्या भागांत शाखा पोहोचल्या तशी तिथली ग्रामीण गरिबी घटली, असे त्यांना आढळले. सावकाराशिवाय दुसरे दार असणे, याचाच तो परिणाम म्हणायचा.

आता आपल्या समाजाकडे वळू. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये जो अहवाल दिला, त्यातली शिक्षणाची आणि नोकऱ्यांची प्रकरणे आपल्या सभांमधून पुष्कळदा सांगितली गेली. बँकांवरचे प्रकरण मात्र कोणी फारसे वाचत नाही. अग्रक्रमाच्या क्षेत्रातल्या कर्जखात्यांपैकी सुमारे १२ टक्के खाती मुसलमानांची होती, पण कर्जाच्या रकमेत त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्याही आत होता. म्हणजे बँकेच्या दारापर्यंत आपण जात होतो, परतताना पदरात थोडेसेच पडत होते. दर खात्यामागची रक्कम इतर अल्पसंख्याकांच्या जवळपास निम्मी होती. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना लाल किंवा नकारात्मक क्षेत्र ठरवून तिथे कर्ज देणेच टाळल्याचीही नोंद त्या अहवालात आहे. पत्ता ऐकला की साहेबांचा चेहरा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. तो भ्रम नव्हता.

कागदावर धोरण तसे वाईट नाही. बँकांनी आपल्या कर्जापैकी ४० टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यायचे असते. दुर्बल घटकांसाठी त्यात १२ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे आणि अल्पसंख्याक या दुर्बल घटकांत मोडतात. २००६ च्या पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमात अग्रक्रमाच्या कर्जातला १५ टक्के हिस्सा अल्पसंख्याकांपर्यंत जावा असे लक्ष्य ठेवले होते. मग अडते कुठे? अर्धे बँकेत अडते, ते वर सांगितले. उरलेले अर्धे आपल्या घरातल्या लोखंडी कपाटात अडते, आणि त्याविषयी आपण कमी बोलतो.

दादांच्या नावावरचे घर

बँकेला आपला घाम दिसत नाही, कागद दिसतो. बारा माग चोवीस तास चालत असतील, पण उद्यम नोंदणी नसेल, आयकराचे विवरणपत्र भरलेले नसेल, व्यवहार सगळा रोखीचा असेल, तर बँकेच्या लेखी तो माणूस काहीच कमवत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती फुकट होते आणि आधार क्रमांकावर होते. तरीही कित्येक कारखाने नोंदणीविना चालतात, कारण ‘नाव लागले की कर लागेल’ ही भीती. कराची मर्यादा ओलांडण्याइतकी कमाई त्यातल्या बहुतेकांची नसते.

याहून अवघड कागद जागेचा. घर, कारखान्याची शेड, दुकानाचा गाळा बहुधा दादांच्या नावावर असतो (मराठीतला थोरला भाऊ नव्हे, आपले दादा, म्हणजे आजोबा). दादांचा इंतकाल होऊन वीस वर्षे झाली. अब्बा गेले. आता तीन भाऊ एका शेडमध्ये भिंती घालून माग चालवतात, मिळकत पत्रिकेवर मात्र अजून दादाच आहेत. अशा जागेवर कोणतीही बँक कर्ज देणार नाही, आणि यात तिचा दोष नाही. ज्याच्या मालकीचीच खात्री नाही ते तारण कसे घ्यायचे?

वारसनोंद का होत नाही, याचे खरे उत्तर कोणी देत नाही. मी देते. वारसनोंद करायची म्हणजे बहिणींची नावे लावावी लागतात. आपल्या शरीअतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. तो द्यावा लागेल म्हणून नोंदच पुढे ढकलली जाते. किंवा ईदला बहीण माहेरी आली की तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती बिचारी माहेर तुटू नये म्हणून सही करते. ज्या घरात मुलीचा वाटा द्यायचा नाही म्हणून विरासत अडवून ठेवली, त्या घरातले मुलगेही मग बँकेतून रिकाम्या हाताने परततात. हिशेब सरळ आहे: बहिणीला तिच्या वाट्याची रक्कम हप्त्याहप्त्याने देऊनही मोकळे होता येते, आणि स्वच्छ कागदावर मिळालेल्या कर्जातून ती रक्कम उभीही करता येते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, नगर भूमापन कार्यालयातला अर्ज, एवढ्यापासून सुरुवात होते. वेळ लागतो, चकरा होतात. पण वीस वर्षे लागत नाहीत.

शंभर दिवसांचे गणित

बँकेचे दार बंद असले म्हणून कर्ज थांबत नाही. ते दुसऱ्या दारातून येते, आणि महाग येते. नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना मी पुस्तकातली उदाहरणे झाल्यावर एक गल्लीतले उदाहरण देते. दहा हजारांचे कर्ज. हातात नऊ हजार मिळतात, हजार आधीच कापले. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. व्याज किती? मुली लगेच म्हणतात, दहा टक्के. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. नऊ हजार काही शंभर दिवस आपल्याकडे राहत नाहीत. रोज शंभर परत जात असतात. सरासरी पाहिली तर साडेचार हजारच वापरायला मिळाले, आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये गेले. वर्षाचा दर काढला की तो पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. वर्गात एकदम शांतता होते, कारण अर्ध्या घरांत हे कर्ज असते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. हेही मुलींना पाठ झाले आहे. ‘फक्त बारा टक्के’ म्हणून दुकानदार फ्रीज देतो, तेव्हा तो दर मूळ रकमेवर सरसकट लावला आहे की उरलेल्या रकमेवर, हे विचारायचे असते. सरसकट असेल तर वर्षभराच्या मासिक हप्त्यांत तो खरा एकवीस टक्क्यांच्या पुढे पडतो.

आता बायकांच्या गटाच्या कर्जाकडे येऊ, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत सर्वांत वेगाने तेच पसरले आहे. बचत गट वेगळा आणि हे वेगळे. बचत गटात आधी स्वतःची बचत असते, मग कर्ज. खासगी कंपनीच्या गटात बचत नाही. दहा-बारा बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि ठरल्या दिवशी हप्ता भरायचा. पालकसभेत आयांचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असते, अकराला गटाची बैठक असते. एखादीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांना बसवून ठेवतात. मग वाद होतात, शेजार तुटतो. एका मुलीच्या आईच्या नावावर तीन कंपन्यांचे हप्ते होते. पहिला रिक्षाच्या दुरुस्तीसाठी, दुसरा पहिला भरण्यासाठी, तिसरा नणंदेच्या लग्नासाठी. सह्या सगळ्या तिच्या, पैशांना तिचा हातही लागलेला नव्हता.

या कर्जाने गरिबी हटते का? शेजारच्या बांगलादेशात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात स्वतःच्या खिशातून छोटी कर्जे देऊन सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आशा फार वाढल्या. मग अभिजित बॅनर्जी (यांची आई मराठी) आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये मोजून पाहिले. निम्म्या वस्त्यांमध्ये अशा कंपनीची शाखा आधी उघडली, निम्म्यांमध्ये नाही. दीडेक वर्षानंतर दिसले ते असे: ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला, घरात टिकाऊ वस्तू आल्या, चहा-तंबाखूसारखा किरकोळ खर्च घटला. पण मुलांच्या शिक्षणात किंवा घरातल्या निर्णयांमध्ये बाईच्या शब्दाला आलेल्या वजनात फरक पडला नाही. म्हणजे कर्ज शाप नाही आणि जादूही नाही. ज्याच्या हाताला आधीच काम आहे त्याचे काम ते वाढवते. ज्या कर्जातून कमाईच होणार नाही, ते लग्नासाठी असो वा मोबाइलसाठी, ते फेडायला आधीचीच कमाई लागते. आणि २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा अतिरेक इतका झाला की सरकारला वटहुकूम काढावा लागला, हेही विसरू नये.

आता १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. पंधरा हजार कमावणाऱ्या घराला साडेसात हजारांच्या वर हप्ते बसतील इतके कर्ज देणे नियमाबाहेर आहे. वसुलीवाल्यांनी दमदाटी करणे, नातेवाइकांना त्रास देणे हेही नियमाबाहेर आहे. गटातल्या आयांना मी हा नियम सांगते तेव्हा त्या हसतात. पण कंपनीला नियम ठाऊक असलेली बाई आणि ठाऊक नसलेली बाई यांच्याशी ती वेगळे वागते, हे मी पाहिले आहे.

सुदाचा प्रश्न

काही घरे बँकेपासून दूर राहतात ती कागदासाठी नव्हे, तर व्याजासाठी. त्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे, आणि कोणत्या मजबुरीत काय करावे हे आपापल्या आलिमांना विचारावे. मी शिक्षिका आहे, फतवा देणे माझे काम नाही. मला एवढेच खटकते की बँकेचे व्याज नको म्हणणारे घर शेकडा पाचचे पैसे मात्र मुकाट्याने घेते, कारण तिथे ‘व्याज’ हा शब्द वापरत नाहीत. गल्लीतला माणूस त्याला ‘खर्च’ म्हणतो, व्यापारी ‘कटौती’ म्हणतो.

बिनव्याजी बँकेची मागणी जुनी आहे. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये तशी शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न्यायचा नाही असे ठरवले. त्यामुळे आज उरतात त्या पतसंस्था आणि फंड. सुरतेची पटनी सहकारी पतसंस्था १९३८ ची, देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ चा. अशा संस्था ठेवींवर व्याज देत नाहीत, दागिने ठेवून बिनव्याजी कर्ज देतात, कामकाजापुरता खर्च घेतात. चांगले काम आहे, शेकडा पाचच्या तोंडातून कित्येक घरे त्यांनी काढली. पण ज्या घरात दागिनाच उरलेला नाही, त्याला तिथेही फार काही मिळत नाही. आणि नाव धार्मिक आहे म्हणून डोळे मिटू नयेत. बंगळूरच्या आय-मॉनेटरी ॲडव्हायजरी या कंपनीने ‘हलाल नफा’ म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांकडून पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून गेला. त्यात मुलींच्या लग्नाचे पैसे होते, हजसाठी साठवलेले होते.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाजविषयी किंवा रोजाविषयी नाही. ती सूरह बकरामध्ये आहे आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार घेण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे भावाभावांतला व्यवहारही तोंडी चालतो आणि लिहा म्हटले की अविश्वास वाटतो.

कागद कसा तयार होतो, याचे सर्वांत साधे उदाहरण हातगाडीवाल्यांचे आहे. पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, ते वेळेवर फेडले तर २०,००० आणि मग ५०,००० चे. २०२५ मध्ये पहिल्या दोन रकमा १५,००० आणि २५,००० करण्यात आल्या. व्याजात ७ टक्क्यांची सवलत सरकार देते. रक्कम मोठी नाही. पण दहा हजार वेळेवर फेडल्याची नोंद त्या फळवाल्याच्या नावावर कायमची झाली, आणि पुढच्या वेळी बँकेने त्याचा मोहल्ला पाहिला तरी ती नोंदही पाहावी लागते. आमच्या शाळेबाहेरचा केळीवाला गाडीवर क्यूआर कोड लावतो तो गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी कमी आणि खात्यात रोजची आवक दिसावी म्हणून जास्त. हे त्याला त्याच्या दहावीतल्या मुलाने समजावले.

मुद्रा योजना २०१५ पासून आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि या कर्जांना तारण मागायचे नसते. शाखेत कोणी तारण मागितले तर ते लेखी मागा म्हणावे. बहुधा मागणी मागे घेतली जाते. अर्ज नाकारला तर कारणही लेखी मागावे, मुख्य कारण कळवणे हे बँकेचे काम आहे. तोंडी नकार घेऊन घरी परत येण्याची आपल्याला सवय झाली आहे. आपल्या नावावर काय नोंदी आहेत हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो. मित्रासाठी भावनेच्या भरात दिलेली जामीनकीही तिथे दिसते, आणि मित्राने हप्ते बुडवले असतील तर तेही.

शेवटी मुलींचे शिक्षण, कारण जून-जुलैत माझ्याकडे त्यासाठीच लोक येतात. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. २००० मध्ये स्थापन झालेले राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. दोन्हीकडे प्रवेशाचे पत्र, फीचा तपशील, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका लागतात. आधार, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका या तिन्हींवर मुलीचे नाव एकसारखे लिहिलेले हवे. एकीकडे शेख आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे नावातला ‘बी’ गायब, असे प्रकार दर वर्षी निघतात आणि त्यात प्रवेशाची मुदत टळते. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी शाळेच्या नोंदवहीतले नाव दुरुस्त करून घेणे सोपे असते. गुणपत्रिका छापून आल्यानंतर ते काम मंडळाच्या कार्यालयात जाते. अर्ज भरण्याआधीच्या आठवड्यांत, आधार कार्ड घेऊन, कोणत्याही दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत यावे.